परवडणारी घरं: एफएसआय वाटून झाला, आता तिजोरी उघडा

गच्चीवरून

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. 'माझे घर, माझे अधिकार'. २०३० पर्यंत अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक, २० हजार कोटींचा महाआवास निधी. याआधीचं धोरण २००७ चं होतं, त्यामुळे काहीतरी आलं याचाच आनंद मानणारे बरेच दिसले. मी नुसता भागाकार केला. ७० हजार कोटी भागिले ३५ लाख म्हणजे घरामागे दोन लाख. दोन लाखांत महाराष्ट्रातल्या कुठल्याच शहरात घर उभं राहत नाही. उरलेले पैसे कोण घालणार? घर घेणारा कर्ज काढून, आणि बिल्डर एफएसआय, म्हणजे भूखंडावर जादा बांधकामाचा हक्क, घेऊन. म्हणजे गाडी पुन्हा त्याच रुळावर.

गेली तीस वर्षं आपल्या राज्याची गरिबांच्या घरांबाबतची पद्धत एकच आहे. सरकार स्वतःचा पैसा काढत नाही, एफएसआय काढून देतं. डिसेंबर १९९५ मध्ये एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) आलं ते याच तत्त्वावर: झोपडीधारकाला घर फुकट, बिल्डरला विक्रीसाठी जादा बांधकाम, सरकारच्या खिशातून छदामही नाही. ऐकायला जादू वाटते. पण ही जादू विक्रीचा भाव चढा असतो तिथेच चालते. वरळीला चालते, वांद्र्याला चालते. मालेगावला, भिवंडीला, इचलकरंजीला कोण बिल्डर एफएसआयसाठी जीव टाकणार आहे?

दुसरं म्हणजे हे घर मिळतं कोणाला? १ जानेवारी २००० च्या आधीची झोपडी असेल त्याला फुकट, २०११ पर्यंतची असेल त्याला पैसे भरून. त्याच झोपडीच्या पोटमाळ्यावर पंधरा वर्षं भाडं भरून राहणाऱ्याला काय? काहीच नाही. तो कुठल्याच यादीत नाही. म्हाडाच्या सोडतीत अर्ज करायचा तर अनामत रक्कम हवी, लागलं तर बँकेने कर्ज द्यायला हवं, आणि रोजंदारीवाल्याला पगाराची स्लिप कोण देतं?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मुद्रांक आणि नोंदणी शुल्कातून राज्याला वर्षाला ५० हजार कोटींच्या पुढे उत्पन्न मिळतं. हा पैसा घरांच्या आणि जमिनीच्या व्यवहारातूनच येतो. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे ५ हजार कोटी, दरवर्षी कायद्याने बाजूला काढा आणि त्यातून भाड्याची घरं बांधा. मालकी सार्वजनिक, विक्री कधीच नाही. ३०० चौरस फूट चटईक्षेत्राच्या घराला जिने-भिंती धरून साधारण साडेचारशे फूट बांधकाम लागतं. फुटाला २,७०० धरले तर घर १२ लाखांत पडतं. वर्षाला एकेचाळीस हजार घरं. सरकारी जमिनीवर.

मेट्रोसाठी मुंबई-पुण्यात घर घेणाऱ्याकडून १ टक्का अधिभार घेतला जातोच. मेट्रोसाठी चालतं, मग घरासाठी का नाही?

थेट_बाजार

आली का पुन्हा 'सरकारने बांधावं' गाडी. भाड्याची घरं मुंबईत होती साहेब, भरपूर होती. खासगी मालकांनी बांधलेल्या चाळीच होत्या की बहुतेक. मारल्या कोणी? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने. भाडं गोठवलं १९४० च्या पातळीवर आणि ते तसंच ठेवलं पन्नास वर्षं. मालकाने रंग काढायचा कुठून? इमारती पडायला लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ काढलं आणि भाडेकरूंवर उपकर लावला. तेव्हा उपकरप्राप्त इमारती मोजल्या तर १९,६४२ भरल्या. एका सरकारी दुखण्यावर दुसरं सरकारी औषध.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांवर घरं रिकामी होती. घरं आहेत, मालक भाड्याने द्यायला घाबरतो. कायदा नीट करा, प्रीमियम (जादा बांधकामासाठी बिल्डरने सरकारला भरायचं शुल्क) कमी करा, मुद्रांक शुल्क निम्म्यावर आणा. पुरवठा आपोआप येईल. सरकारने बिल्डर व्हायची गरज नाही.

अकरामहिने

थेट_बाजार, +१, पण फक्त तुमच्या पहिल्या परिच्छेदाला. मी पुण्यात भाड्याने राहते. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, दरवर्षी वाढ, दरवर्षी ब्रोकर. कायदा मालकाच्या बाजूचाच आहे हो आता. नवीन करारांवर जुना भाडे कायदा लागतच नाही. तरी बाराशे स्क्वेअर फुटांच्या फ्लॅटचे टॉवर उठतायत आणि कामवाल्या मावशी तासभर बस बदलून येतात. पुरवठा 'आपोआप' आलेला मला तरी दिसला नाही.

हिशेबनीस

धागाकर्त्याचा हेतू चांगला, हिशेब कच्चा. दोन गोष्टी.

एक, २,७०० रुपये फूट हा दर तळमजला अधिक तीन मजल्यांचा. शहरात सरकारी जमीन मिळणार ती तुकड्या-तुकड्यांनी, तिथे उंच जावं लागणार. लिफ्ट, अग्निशमन, पायलिंग, वर जीएसटी. चार हजार धरा. म्हणजे घर १८ लाखांचं आणि ५ हजार कोटींत साडेसत्तावीस हजार घरं. यात रस्ता, पाणी, मलनिःसारण अजून धरलेलं नाही.

दोन, राज्यावरचं कर्ज २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात नऊ लाख कोटींच्या वर दाखवलंय. महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढे. मुद्रांक शुल्काचा पैसा कुठेतरी बिनकामाचा पडून आहे असं नाही, तो पगार-पेन्शन-व्याजात जातोय. तुम्ही पाच हजार कोटी उचललेत तर कुठला खर्च कापणार तेही सांगा.

आणि घराचं भाडं किती ठेवणार? परवडणारं म्हणजे चार हजार धरू. वर्षाला ४८ हजार. १८ लाखांवर साडेसात टक्क्यांनी व्याज होतं १ लाख ३५ हजार. भाड्यातून व्याजाचा जेमतेम तिसरा हिस्सा फिटतो, दुरुस्ती, पाणीपट्टी, वसुलीचा खर्च वेगळाच.

गच्चीवरून

हिशेबनीस, तुमचे चार हजार मान्य. साडेसत्तावीस हजार घरं तर साडेसत्तावीस हजार.

पण तुमचा तिसरा परिच्छेद माझीच बाजू मांडतोय. भाड्यातून व्याजही सुटत नाही, म्हणूनच कुठलाही खासगी बिल्डर गरिबासाठी भाड्याचं घर बांधत नाही आणि बांधणार नाही. थेट_बाजार, प्रीमियम शून्य केला तरी चार हजार भाड्याचं गणित जमत नाही. व्याज भरायला महिन्याला सव्वाअकरा हजार लागतात, घरमालकाचा नफा त्याच्यावर. हे अंतर कोणीतरी अनुदानाने भरायलाच हवं. आज ते कोण भरतंय? पोटमाळ्यावर राहणारा माणूस स्वतःच भरतोय, उजेड-वारा-संडास सोडून देऊन.

'कुठला खर्च कापणार' याला एक उत्तर: सवलती. सप्टेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणलं होतं, जानेवारी २०२१ मध्ये बांधकाम प्रीमियम निम्मे केले. तेव्हा 'तिजोरीत पैसा नाही' असं कोणी म्हणालं नाही. त्या सवलतीत आलिशान फ्लॅटवाल्यांनीही हात धुऊन घेतले. महसूल सोडून देणं हाही खर्चच असतो, फक्त तो अर्थसंकल्पाच्या भाषणात दिसत नाही.

नकाशेवाला

मी नगररचनेत काम केलंय, थोडं जुनं सांगतो. लांबेल.

सरकारी पैशातून कामगारांसाठी भाड्याची घरं हा प्रयोग मुंबईत शंभर वर्षांपूर्वी झालाय. १९२० मध्ये गव्हर्नर लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, ज्याच्या नावाने बीडीडी चाळी. पैसा उभा कसा केला? कर्जाच्या जोडीला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया शुल्क लावून. ज्या धंद्यामुळे मजूर शहरात येतोय त्याच धंद्याने त्याच्या घराला हातभार लावावा, इतका साधा विचार. बेत ५० हजार खोल्यांचा होता, झाल्या साधारण १६ हजार. वरळी १२१, नायगाव ४२, डिलाइल रोड ३२, शिवडी १२, अशा २०७ चाळी. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास, काँक्रीटच्या भिंती. खर्च फुगला, सुरुवातीला लोक जाईनात, गिरण्यांपासून लांब पडतं म्हणाले. सविनय कायदेभंगाच्या वेळी वरळीच्या चाळींचा तुरुंग केला होता सरकारने.

त्या वेळच्या कुठल्याही हिशेबतपासनिसाने 'योजना फसली' असाच शेरा मारला असता. पुढे त्याच खोल्यांत गिरणी कामगारांच्या, पोलिसांच्या, पालिका कामगारांच्या तीन-चार पिढ्या जगल्या. मुंबईतला मराठी माणूस जो काही मध्य मुंबईत टिकला तो बराचसा या १६० फुटांवर टिकला. आता पुनर्विकासात त्याच भाडेकरूंना ५०० फुटांची घरं मिळतायत, वरळीतल्या ५५६ जणांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. सार्वजनिक जमीन सार्वजनिक ताब्यात राहिली म्हणून हे शक्य झालं.

उलट उदाहरण गिरण्यांच्या जमिनीचं. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती आली आणि वाटणी फक्त 'रिकाम्या' जमिनीची झाली, म्हणजे शेड जिथे उभी ती वाटणीतून बाहेर. ६०० एकरांच्या गोष्टी चालल्या होत्या, हातात तुकडे आले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. गिरणी कामगारांचे दीड लाखाच्या आसपास अर्ज, आणि घरं मिळालेले त्यातले अगदी थोडे. तिथे सरकारला रुपयाही खर्चायचा नव्हता, नुसता नियम पाळायचा होता. तोही नाही जमला. म्हणून मला 'पैसा नको, नियम पुरे' ही भाषा पटत नाही. नियम एका अधिसूचनेने पातळ होतो. बांधून झालेली सार्वजनिक इमारत तितक्या सहज पातळ होत नाही.

वर्धाकाठी

चर्चा छान आहे, पण वरळी-नायगावच्या पलीकडे महाराष्ट्र आहे बरं का. आमच्याकडे गावात घरकुलाला सरकारचा पैसा येतोच. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये साठ टक्के केंद्र, चाळीस टक्के राज्य. रमाई, शबरी या तर राज्याच्या स्वतःच्या योजना. तुटपुंजी रक्कम असते, हप्ता अडकतो, ग्रामसेवकाच्या मागे फिरावं लागतं, सगळं खरं. पण 'घरासाठी राज्याने अर्थसंकल्पातून पैसा देणं' हे इथे कोणाला क्रांतिकारक वाटत नाही. गावातल्या माणसाला घरकुल, आणि तोच माणूस नागपुरात हमालीला गेला की त्याला एफएसआय. हे कसं?

थेट_बाजार

नकाशेवाला साहेब, इतिहास आवडला. पण सरकारी घरांचं आजचं चित्र पण सांगा ना. विरार-बोळिंजला म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं पडून होती. का? पाणी नव्हतं. घरं बांधणाऱ्या खात्याला पाणी आणणाऱ्या खात्याचा पत्ता नाही. आणि २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत ताडदेवचं घर होतं साडेसात कोटींच्या वरचं. म्हाडा! साडेसात कोटी! ही तुमची सार्वजनिक गृहनिर्माण संस्था. हिच्या हातात दरवर्षी पाच हजार कोटी द्यायचे?

हिशेबनीस

ताडदेवचं घर म्हाडाने बांधलेलं नव्हतं. खासगी बिल्डरने पुनर्विकासात म्हाडाला दिलेल्या वाट्यातलं होतं. खरं तर तो धागाकर्त्याचाच पुरावा झाला. एफएसआयच्या बदल्यात जे मिळतं ते बिल्डरच्या सोयीचं असतं, अर्जदाराच्या नाही.

(मी अजून विरोधातच आहे. हे फक्त नोंदीसाठी.)

तिसरा_मजला

पहिल्यांदाच लिहितेय इथे, एरवी वाचते फक्त. आम्ही एसआरएच्या बिल्डिंगमध्ये राहतो. कुठल्या ते सांगत नाही.

घर फुकट मिळालं हे खरं आणि त्याबद्दल तक्रार नाही. संडास घरात आला, पावसाळ्यात पाणी शिरायचं थांबलं. पण घर मिळतं त्या दिवशी त्याचा खर्च सुरू होतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. झोपडीत लाइटबिल आणि पाण्याचे पैसे सोडले तर काही नव्हतं. इथे पंपाची मोटर, जिन्याचे दिवे, लिफ्टचं वार्षिक कंत्राट, टाकी धुणं, कचरा, वॉचमन. घरामागे बिल्डरने ठेव म्हणून जी रक्कम सोसायटीच्या नावाने ठेवायची असते तिच्या व्याजात एका लिफ्टचं कंत्राटही भागत नाही. आमच्या दोनपैकी एक लिफ्ट बंद म्हणजे बंदच. तिचे सुटे भाग काढून दुसरी चालवतात. वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं खालीच उतरत नाहीत, भाजी टोपलीला दोरी बांधून वर ओढतात. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी नोटीस बोर्डवर लागते आणि ती यादी न थकवणाऱ्यांपेक्षा मोठी असते. ज्यांना झेपलं नाही ते घर भाड्याने देऊन पुन्हा झोपडीत गेले. लोक म्हणतात बघा, फुकटची घरं विकून खाल्ली. विकून नाही खाल्ली हो, लिफ्टने खाल्ली.

आणि दोन इमारतींमधली फट. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्यांच्या मोरीला हात लागतो. दुपारी बारालाही दिवा लावूनच पोळ्या. बिल्डरला विक्रीची इमारत ऐसपैस हवी, म्हणून आमच्या इमारती एकमेकींना चिकटवलेल्या.

तर तुमचं जे काही पाच हजार कोटींचं ठरेल त्यात बांधायचा पैसा आणि चालवायचा पैसा वेगळा धरा, एवढंच सांगायला लॉगिन केलं.

नकाशेवाला

तिसरा_मजला ताई, लिहीत राहा. गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत क्षयरोगाचा अभ्यास झालाय आणि खालच्या मजल्यांवर ऊन-वारा न पोचण्याचा संबंध त्यात स्पष्ट दाखवलाय. इमारतींमधलं अंतर कमी करायची सूट नियमांतच दिलीय. का दिली? कारण पुनर्वसनाच्या इमारतीवर बिल्डरचा जितका कमी भूखंड खर्ची पडेल तितकी योजना 'व्यवहार्य'. घर सरकारच्या पैशाने बांधलं असतं तर ते अंतर कमी करायचं कारणच उरलं नसतं.

चालवायच्या पैशाबद्दल अगदी नेमकं बोललात. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली होती, धागाकर्त्याला आठवत असेल. १६० फुटांची घरं, बिल्डरला ४ एफएसआय, त्याने घरं बांधून प्राधिकरणाला फुकट द्यायची. पाच लाख घरांचं लक्ष्य. घरं आली थोडी, पण भाडेकरू निवडणार कोण, भाडं वसूल करणार कोण, गळती काढणार कोण, याचं खातंच तयार नव्हतं. शेवटी योजनाच बदलली. पनवेलजवळ कोनला तयार झालेली २,४१७ घरं २०१६ मध्ये सोडत काढून गिरणी कामगारांना दिली, ताबा मिळायला कित्येक वर्षं गेली, मध्ये कोविडचं विलगीकरण केंद्र झालं. मग लोक म्हणतात 'भाड्याची योजना आपल्याकडे चालत नाही'. चालवलीच नव्हती.

सातासमुद्रापार

व्हिएन्नाचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? १९२३ मध्ये तिथल्या महापालिकेने घरांवर चढत्या दराचा कर लावला. मोठ्या बंगल्यांना जबर, कामगारांच्या खोल्यांना नाममात्र. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरं बांधली. आज पालिकेच्या मालकीची दोन लाख वीस हजार घरं आहेत, सहकारी संस्थांची वेगळी, आणि शहरातले निम्मे लोक अशा घरांत राहतात. अजूनही पगारातून एक टक्का जातो, अर्धा कामगाराचा, अर्धा मालकाचा. सिंगापूरने १९६० मध्ये एचडीबी हे सरकारी गृहनिर्माण मंडळ काढलं, आता दहातले जवळपास आठ जण तिच्या घरांत.

थेट_बाजार

सिंगापूरने १९६६ च्या कायद्याने जमिनी मातीमोल घेतल्या, ते सांगायचं राहिलं वाटतं. इथे घेऊन दाखवा. आणि व्हिएन्नाला महाराष्ट्रासारखी रोज गाड्या भरभरून माणसं उतरत नाहीत.

संपादक मंडळ

स्थलांतरितांवरून धागा कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत. घरांवर बोला.

चाटीगल्ली

परदेशात कशाला जाता, सोलापूरला या. एसटी चालू आहे.

कुंभारीला रे नगर म्हणून वसाहत आहे. विडी कामगार, यंत्रमागवाले, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बाया, असंघटित कामगारांची ३० हजार घरं. पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. त्याआधी तिथेच गोदूताई परुळेकर वसाहत झाली, १० हजार घरांची, सगळी विडी कामगार बायकांची. तिच्या चाव्या द्यायला २००६ मध्ये त्या वेळचे पंतप्रधान आले होते. दोन्हीच्या मागे माकपचे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर. पक्ष आवडो न आवडो, माणसाने पाठपुरावा काय केला ते बघा.

मुद्दा असा की इथे एफएसआय विकून काही मिळालंच नसतं. सोलापूरच्या बाहेर माळरानावरचा एफएसआय कोण घेतो? रे नगरच्या घरामागे दीड लाख केंद्राचे, एक लाख राज्याचे, उरलेले कामगारांचे स्वतःचे, कर्जासकट. तळमजला अधिक दोन. लिफ्टची भानगडच नाही, तिसरा_मजला ताई.

आणि घर म्हणजे काय ते विडीवालीला विचारा. तिचं घर हाच तिचा कारखाना. पानं भिजत घालायची, कात्रीने साच्याबरोबर कापायची, सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा, दिवसाला हजार विड्या. मालकाकडे दिल्यावर त्यातल्या वाईट म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत. उजेड कमी पडला की वाईट विड्या वाढतात. खिडकी मोठी झाली तर मजुरी वाढते, इतका सरळ संबंध आहे.

खोटं कशाला बोलू, अडचणीही आहेत. शहरापासून लांब पडतं, बसचा घोळ, पाण्याची बोंब अधूनमधून. पण ही बोंब स्वतःच्या दारात उभं राहून मारता येते.

वर्धाकाठी

शेवटच्या वाक्याला टाळ्या.

अकरामहिने

पण रे नगर मालकीचं आहे ना? गच्चीवरून भाड्याचं मागतायत. मला तरी भाड्याचंच बरं वाटतं. माझी नोकरी तीन वर्षांत दोनदा शहराच्या या टोकावरून त्या टोकाला गेली. वीस वर्षांचं कर्ज गळ्यात घेऊन एका जागी बसणं सगळ्यांना परवडत नाही.

चाटीगल्ली

विडी कामगार बाई कुठे जात नाही ताई. तिला मालकीच पाहिजे. नवऱ्याने हाकललं तर घर तिच्या नावावर आहे हे फार मोठं असतं. शहर तशी गरज.

गच्चीवरून

चाटीगल्ली, पटलं. निधीत दोन्हीला जागा हवी: सोलापूर, मालेगावसारख्या ठिकाणी अनुदान देऊन मालकीची, मुंबई-पुणे-ठाण्यात सार्वजनिक भाड्याची. जिथे जमीन सोन्याच्या भावाची आहे तिथे सरकारी जमीन एकदा विकली की संपली, म्हणून तिथे भाड्याचा आग्रह.

आता निधी कसा बांधायचा त्यावर बोलू. यासाठी व्हिएन्नाचीही गरज नाही. महाराष्ट्राने हे आधीच केलंय. पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, तो कशासाठी सुरू झाला ते किती जणांना माहीत आहे? १९७५ चा तो कायदा रोजगार हमीसाठी झाला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पाग्यांनी योजनेचा आग्रह धरला, दुष्काळानंतर ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने कर भरायचा आणि गावातल्या मजुराला काम मिळायचं. कराइतकीच भर राज्याने स्वतःची घालायची, असं कायद्यातच. केंद्राने देशभर रोजगार हमी आणली त्याच्या जवळपास तीस वर्षं आधी. त्या वेळीही 'पैसा कुठून आणणार' हा प्रश्न होताच, आणि तेव्हाचं राज्य आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होतं.

हिशेबनीस

रोजगार हमीचं उदाहरण काढलंत, हे मला आवडलं. निदान आता बोलायला जागा झाली. पण त्याच उदाहरणाचा उत्तरार्ध सांगतो, कारण तो फाइलवाल्यांनाच माहीत असतो. कर गोळा होत राहिला, पण पुढे कामांवरचा खर्च घटला आणि शिल्लक कागदावर साचत गेली. प्रत्यक्षात तो पैसा राज्याच्या एकत्रित निधीतून इतर कामांना वापरला जात होता. बांधकाम कामगारांच्या १ टक्का उपकराचंही देशभर तेच झालं, हजारो कोटी मंडळांकडे पडून, सर्वोच्च न्यायालयाला ताशेरे मारावे लागले. अधिभार लावणं सोपं, तो त्याच कामाला लागेल हे बघणं अवघड.

तेव्हा माझ्या अटी लिहून घ्या. नुसतं अर्थसंकल्पात लेखाशीर्ष उघडून भागणार नाही. ३१ मार्चला न खर्चलेला पैसा परत जातो, आणि इमारत काही ३१ मार्चला पूर्ण होत नाही. स्वतंत्र कायदा करून न संपणारा निधी हवा. दरवर्षी किती जमा, किती घरं, किती रिकामी, हे विधिमंडळापुढे ठेवणं सक्तीचं हवं. पाण्याची जोडणी लेखी मंजूर झाल्याशिवाय बांधकामाला पहिला हप्ता नाही, विरार-बोळिंज पुन्हा नको. तिसरा_मजला बाईंनी सांगितलं तसा देखभालीचा हिस्सा वेगळा. भाड्यातून आलेले पैसे फक्त देखभालीला, आणि कमी पडले तर निधीतून भर. चार हजारांतले दीड-दोन हजार देखभालीलाच लागतील, हे आधीच मान्य करा म्हणजे नंतर 'तोट्यात चाललंय, विकून टाका' अशी ओरड होणार नाही.

थेट_बाजार

आणि भाडं थकवलं तर? आमदार साहेब येणार, माफी जाहीर करणार.

तिसरा_मजला

थकवतील काही जण. आमच्याकडे पण थकवतात. पण ज्या महिन्यात लिफ्ट चालू असते त्या महिन्यात वसुली बरी होते, हे आमच्या सेक्रेटरींना विचारा.

थेट_बाजार

हे बरं उत्तर आहे. तरी मुद्रांक शुल्क वाढवून नको. आहे त्यातूनच काढा, एवढं लिहा म्हणजे मीही सही करतो. नाहीतर नवं घर घेणाऱ्या मध्यमवर्गीयाच्याच माथी बसायचं.

गच्चीवरून

आहे त्यातूनच. वाढ नाही. मसुदा करतोय, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी आपापल्या आमदाराला द्यायचा. चार कलमं: मुद्रांक शुल्काच्या दहा टक्क्यांचा वैधानिक निधी, न संपणारा; महानगरांत सार्वजनिक भाड्याची घरं, इतरत्र अनुदानातून मालकीची, घर बाईच्या नावावर; देखभालीचा वेगळा हिस्सा; पाणी आणि बस मंजूर झाल्याशिवाय पाया खणायचा नाही. नकाशेवाला, इमारतींमधलं किमान अंतर किती लिहू?

नकाशेवाला

आकडा लिहू नका, त्यात पळवाट काढतात. 'विक्रीच्या इमारतींना लागू असलेले सामासिक अंतराचे नियम जसेच्या तसे, कोणतीही शिथिलता नाही' असं लिहा. बाकीचं मी तपासून देतो, मसुदा इथेच टाका.